आडवी रेघ माझ्या सुरीची

अकोल्याच्या मटण मार्केटात मला 'भेजावाली ताई' म्हणत. मी जन्मात मटण चाखलेलं नाही. माहेर भातकुलीचं, माळ्याचं घर, फुलं आणि भाजीपाला हाच आमचा व्यवसाय. पण नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत दर बुधवारी सकाळी मी औषधाची रुंद तोंडाची बाटली पिशवीत घालून रफीकभाईंच्या दुकानासमोर उभी असायची. आधी दोन-तीन बुधवार त्यांनी मुकाट्यानं दिलं. चौथ्या बुधवारी त्यांना राहवलं नाही.

"ताई, तुमी खात नाई म्हंता. मंग हे भेजा नेऊन कोनाले खाऊ घालता?"

"कोणाला नाही. आम्ही कॉलेजात त्याचे काप काढतो आणि पाहतो."

"पायता? भेज्यात पायासारखं काय हाय बाप्पा?"

मी त्यांना सांगितलं, की मोठ्या मेंदूच्या मागे, खालच्या अंगाला लिंबाएवढा एक वेगळा गोळा असतो. त्यावर बारीक बारीक घड्या असतात. त्याला लहान मेंदू म्हणतात. चालताना तोल सांभाळणं, हात नेमका हव्या त्या जागी नेणं हे काम त्याचं. मला फक्त तेवढाच हवा, आणि अखंड हवा. रफीकभाई हसायला लागले. कवटी फोडताना त्यांचा पहिला घाव नेमका तिथंच बसायचा, त्यामुळे बाराही महिने तो गोळा चेंदून जायचा. पुढच्या बुधवारी त्यांनी कवटीला गोल फिरवून हलके हलके घाव घातले आणि तळहातावर अख्खा लहान मेंदू ठेवून माझ्यासमोर धरला. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो आमच्या विभागातल्या कितीतरी शिकलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर मी पाहिलेला नाही.

माझं काम काय, ते आधी सांगते. मी अकोल्याच्या एका मेडिकल कॉलेजात शरीररचना विभागात तंत्रज्ञ होते. साध्या भाषेत, कापणारी बाई. शरीराचा एखादा तुकडा घ्यायचा, तो औषधात मुरवायचा, मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, आणि मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्याचे कागदाहून पातळ काप काढायचे. काप काचेवर चढवून रंगवले, की डॉक्टर मंडळी सूक्ष्मदर्शकातून पाहतात. थेसिसवर त्यांची नावं येतात. शेवटच्या पानावर आभारात 'तंत्रज्ञ' म्हणून आमची एक ओळ असते, तीही कधी राहून जाते. त्याबद्दल माझी फार तक्रार नाही. माझी मिजास वेगळ्या ठिकाणी होती. ती सुरीत होती.

आता फेकून द्यायची पाती आली आहेत. आमच्या वेळी मायक्रोटोमची सुरी म्हणजे हातभर नसली तरी वीतभर लांबीचं जड पोलाद. ती आधी तेल लावलेल्या दगडावर आणि मग चामड्याच्या पट्ट्यावर परजायची. मला हे वासुदेवभाऊंनी शिकवलं. ते माझ्या आधीचे मुख्य तंत्रज्ञ, अत्यंत कडक. सुरीच्या धारेला सूक्ष्म खाच जरी पडली, तरी प्रत्येक कापावर त्याच जागी एक सरळ रेघ उमटते. भाऊंचा एकच कायदा होता. काचेवर रेघ दिसली, की चूक सुरीची, आणि सुरीची चूक म्हणजे आपली. ती काच सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकायची. कारण विचारायचं नाही.

मी कारण विचारलं नाही. माझ्या हाताला फुलांची सवय होती. मोगऱ्याची कळी ओवताना जी हलकी चिमूट लागते, तीच कापाला लागते. दोनेक वर्षांत माझी धार भाऊंपेक्षा सरस झाली, हे त्यांनी स्वतः सांगितलं, आणि मग दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

या सगळ्यात एकच काम माझा जीव खायचं. ते म्हणजे चांदीचं काम.

नेहमीच्या रंगात कापातल्या सगळ्या पेशी एकदम रंगतात, गर्दी होते, कोणाची फांदी कोणाची ते कळत नाही. चांदीची पद्धत जुनी, आणि मोठी लहरी. मेंदूचा लहानसा तुकडा आधी पिवळ्याजर्द बायक्रोमेट आणि फॉर्मलिन या औषधांत काही दिवस ठेवायचा, मग चांदीच्या क्षाराच्या पाण्यात काही दिवस अंधारात. आत काय घडतं देव जाणे, पण शेकडो पेशींतल्या मोजक्याच पेशी चांदी धरतात आणि काळ्याभोर होतात. बाकीच्या दिसतच नाहीत. जी पेशी धरते ती मात्र मुळापासून शेंड्यापर्यंत अख्खी उभी राहते. कोणती धरेल, हे कोणालाही सांगता येत नाही.

लहान मेंदूत हे फार देखणं दिसतं. तिथं मोठ्या मज्जापेशींची एक रांग असते, आणि प्रत्येकीचं फांद्यांनी भरलेलं झाड वरच्या पृष्ठभागाकडे गेलेलं असतं. दरवर्षी विद्यार्थ्यांना दाखवायला आम्ही अशा काचा करायचो. पण त्यांत हमखास काही काचांवर बारीक काळ्या रेघा यायच्या. एकमेकींना समांतर, सरळ, खालून वर गेलेल्या. मी सुरी पुन्हा परजायची, पुन्हा कापायची, पुन्हा काही काचांवर रेघा. भाऊ म्हणायचे, चांदीचा खडा सुरीखाली सापडतो आणि ओढला जातो. मला ते पटायचं. रेघांच्या काचा डब्यात जायच्या. भाऊ निवृत्त झाले, त्यानंतरही वर्षानुवर्षं मी त्या डब्यात टाकत राहिले.

मग आमच्याकडे डॉ. वैष्णवी शिकायला आली. शेंदूरजनाघाटची, घरी संत्र्यांची बाग. थेसिससाठी तिनं विषय घेतला होता, लहान मेंदूतल्या ग्लिया पेशी.

ग्लिया हा शब्द बाहेरच्या भाषेतला, अर्थ डिंक. मेंदूत संदेश नेणाऱ्या मज्जापेशी असतात, त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक. पण त्यांच्या आजूबाजूला दुसऱ्या पेशी असतात. जुन्या लोकांना वाटलं, ह्या नुसत्या जागा भरणाऱ्या, चिकटवून ठेवणाऱ्या. म्हणून डिंक. पुढे कळलं, की त्या मज्जापेशींना पोसतात, सांडलंउरलं आवरतात, त्यांच्या बोलण्यावर लक्ष ठेवतात. आणि लहान मेंदूत त्यांची एक खास जात आहे. त्या मोठ्या मज्जापेशींच्या पायाशी बसतात आणि तिथून वरच्या पृष्ठभागापर्यंत सरळ धागे उभे करतात. पिल्लू गर्भात असताना आणि जन्मल्यावरही काही काळ, वर तयार झालेल्या कोवळ्या पेशी ह्याच धाग्यांना धरून खाली आपापल्या जागी उतरतात. वैष्णवीनं मला हे सांगितलं, तेव्हा मला आमच्या टमाट्याच्या वाफ्यात रोवलेल्या काठ्या आठवल्या. टमाटे सगळे मोजतात, काठ्या कोणी मोजत नाही.

हे ऐकूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही, याची मला आजही लाज वाटते.

कामाला सुरुवात झाली ती नेमकी उन्हाळ्यात. अकोल्याचा उन्हाळा अकोल्याच्याच माणसाला समजतो. खोलीतलं मेण टेबलावर घाम गाळायचं आणि चांदीचं पाणी उष्णतेनं बिघडून तुकड्यांवर नुसती तांबूस खरड बसायची. वैष्णवीनं बाटली फ्रिजमध्ये ठेवली. तिथं उलटं झालं, गारठ्यानं चांदी आत शिरायचं नाव घेईना. दोन बुधवारचं काम वाया गेलं. तिसऱ्या वेळी मी घरून एक गळका माठ आणला. लॅबच्या कोपऱ्यात, पिण्याच्या पाण्यापासून लांब, टोपलीभर वाळूत तो बसवला आणि काळ्या कागदात गुंडाळलेल्या बाटल्या त्या ओल्या वाळूत मानेपर्यंत पुरल्या. माठ झिरपायचा, वाळू गार राहायची. फुलं टिकवायची ही आमच्या घरची रीत. बाटलीत तुकडे तळाला टेकू नयेत म्हणून मी ते दोऱ्यात ओवून, एकमेकांना लागू न देता, अधांतरी सोडले होते.

आठवड्यानं बाटल्या काढल्या. मी ब्रशनं वरची लाल खरड झाडली, पहिला काप काढला, पारदर्शक व्हावा म्हणून लवंगतेलात सोडला, काचेवर घेतला. वैष्णवीनं डोळा लावला आणि ओरडली, "अव माय! ताई, पाहा तं!"

काळीभोर झाडं उभी होती. इतकं स्वच्छ चांदीचं काम माझ्या हातून तोवर झालं नव्हतं. मी खुशीत दुसरा काप घेतला, तिसरा घेतला. चौथ्यावर रेघा आल्या. मी जीभ चावली, काच उचलली आणि डब्याकडे निघाले.

"ताई, काहून फेकून राहिल्या?"

"रेघा आहेत. सुरी चुकली."

"थांबा जराशा. मले पाहू द्या." तिनं काच माझ्या हातातून घेतली आणि पुन्हा लावली. काच खालून वर, वरून खाली सरकवत राहिली. मग हळूच म्हणाली, "ताई, ह्या रेघा खालून वर येतात ना, थ्या वर काठाशी जाऊन थांबतात. सुरीची रेघ काठाशी थांबते का?"

मी डोळा लावला. सुरीची रेघ थांबत नाही. ती एका टोकाहून निघते ती दुसऱ्या टोकापर्यंत जाते, मध्ये काय आहे ते पाहत नाही. ह्या रेघा एका विशिष्ट जागी सुरू होत होत्या आणि बरोबर पृष्ठभागाला टेकून संपत होत्या. ते ओरखडे नव्हते, ग्लियाचे धागे होते. ती जे शोधायला आली होती, तेच मी तिच्या डोळ्यांदेखत डब्यात टाकायला निघाले होते.

आधीची सगळी वर्षं डोळ्यांसमोरून गेली. भाऊंनी आणि मी मिळून किती काचा फेकल्या असतील! विद्यार्थ्यांना दाखवायच्या पेटीत फक्त झाडं होती. काठ्या आम्ही निवडून निवडून, मन लावून फेकल्या होत्या.

पण आम्हाला पटून भागणार नव्हतं. वैष्णवीचे मार्गदर्शक म्हणजे आमचे मोठे सर. पुण्याकडचे, शिस्तीचे, आणि चांगले माणूस. त्यांनी काचा पाहिल्या आणि चष्मा काढून ठेवला.

"सुभद्राबाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. सगळ्या रेघा एकाच दिशेनं आहेत, आणि तुमची सुरीही त्याच दिशेनं चालते. खडा ओढला गेलाय."

वैष्णवी म्हणाली, "सर, ते ग्लियाचे धागे आहेत. काठाशी येऊन थांबतात."

"काठाशी खडाही अडकून थांबतो. धागे असतील तर त्यांच्या पायाशी पेशी दाखव. मला नुसत्या रेघा दिसतात. परीक्षक बाहेरून येतात. त्यांनी 'ओरखडे' असा एक शब्द उच्चारला, की तुझा थेसिस गेला आणि सहा महिने गेले. सोमवारपर्यंत मला काहीतरी ठोस दाखव. नाहीतर हे प्रकरण काढून टाकायचं."

बाहेर आल्यावर ती पोर इतका वेळ धरून ठेवलेलं रडू घेऊन बाकावर बसली. "ताई, सारं मुद्द्याचं तेच हाय. तेच काढलं तं उरते काय? आता नव्यानं कराले टाइम कुठं हाय?"

पायाशी पेशी दिसत नव्हती, यात तिचा किंवा माझा दोष नव्हता. चांदीची लहर. धाग्यांनी चांदी धरली होती, पेशीच्या अंगानं धरली नव्हती, किंवा ती कापाच्या खालच्या थरात राहिली होती. पण 'चांदीची लहर' हे काही परीक्षकासमोर सांगण्यासारखं उत्तर नाही. शनिवारी आम्ही दिवसभर कापत बसलो. झाडं मिळाली, रेघा मिळाल्या, पेशी मिळाली नाही. संध्याकाळी एकच ठोकळा उरला.

रविवारी घरी मी दुसरंच काहीतरी करत होते. शेवंतीच्या माळा ओवत होते, नातीच्या शाळेत कार्यक्रम होता. हातात एक पाकळी आली. तिच्यावर देठाकडून टोकाकडे गेलेल्या बारीक रेषा असतात. त्याच पाकळीवर माझं नख लागून एक आडवा चरा पडला होता. पाकळी कशीही फिरवली, तरी तिच्या रेषा देठापासूनच निघत होत्या. नखाचा चरा मात्र माझ्या हाताच्या दिशेनं गेला होता. मी सुई खाली ठेवली. नात म्हणाली, "आजी, काहून हसून राहिली?"

सोमवारी दुपारी सर लॅबमध्ये आले. मी कूलर बंद केला, कारण वाऱ्यानं काप उडतात. घामानं सगळ्यांचेच कपडे अंगाला चिकटले होते. उरलेला एकमेव ठोकळा यंत्रावर बसवलेला होता.

"सर," मी म्हटलं, "ठोकळा तुमच्या हातानं पाव वळसा फिरवा. म्हणजे काप तोच निघेल, पण सुरी दुसऱ्या अंगानं चालेल. ओरखडे असतील, तर ते सुरीबरोबर फिरतील. धागे असतील, तर मेंदूबरोबर राहतील."

सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि ठोकळा फिरवून घट्ट केला.

"आणि अजून एक," मी म्हटलं. मी पेटीतून जाड सुई काढली, सुरीच्या धारेवर मधोमध ठेवली आणि दाबली. टच्च असा आवाज आला.

"बाई! काय करताय?" सर जवळजवळ ओरडले. माझ्या सुरीचं कौतुक ते पाहुण्यांना करून दाखवायचे. वैष्णवीनं तोंडावर हात ठेवला. ज्या धारेला मी आयुष्यभर कुणाला हात लावू दिला नाही, तिला मी स्वतःच्या हातानं खाच पाडली होती.

"खरी रेघ कशी असते, ते शेजारीच दिसलं पाहिजे, सर."

मी सुरी ओढली. काप निघाला. अल्कोहोलमध्ये बुडवला, लवंगतेलात सोडला, खोलीभर लवंगेचा वास पसरला. काच सूक्ष्मदर्शकावर ठेवून मी बाजूला झाले. पहिल्यांदा मी पाहिलं नाही. तो मान सरांचा होता.

सरांनी डोळा लावला. बराच वेळ त्यांचा हात नुसता चक्री मागे-पुढे फिरवत राहिला. मग डोळा न काढता त्यांनी विचारलं, "ही आडवी एक रेघ आहे, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. ही?"

"ती माझ्या सुरीची."

"आणि ह्या उभ्या?"

"त्या बोकडाच्या, सर."

सर हसायला लागले. हसता हसता एकदम थांबले. "वैष्णवी, इकडे ये. रेघा मोज. तिसऱ्या धाग्याच्या खाली काय आहे?"

तिनं पाहिलं. नंतर तिनं मला खुर्चीवर बसवलं. झाडाच्या पायाशी एक लहानशी काळी पेशी बसली होती. तिच्यातून पाच-सहा सरळ धागे निघून पृष्ठभागाला जाऊन भिडले होते. मुळापासून शेंड्यापर्यंत, अख्खी. माझ्या सुरीचा ओरखडा त्या धाग्यांना आडवा छेदून, त्यांची काडीचीही पर्वा न करता, सरळ निघून गेला होता. चांदीनं आमच्यासाठी शेवटच्या ठोकळ्यात ती पेशी धरून ठेवली होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

सर उठले, हात धुऊन आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. "बाई, मी तुमच्या हाताला बोललो. माफ करा." त्या माणसानं एवढ्या वर्षांत कोणाचीही माफी मागितल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "सर, मीही त्याच हातानं त्या फेकत आले." आणि मग मी त्यांना डब्याची सगळी गोष्ट सांगितली. ते ऐकत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, की फेकलेल्या काचांच्या नोंदवहीत सह्या त्यांच्याही होत्या.

थेसिस सादर झाला, परीक्षक आले. त्यांच्यासमोर वैष्णवीनं पहिली काच तीच ठेवली, दोन्ही रेघा दाखवल्या आणि फरक सांगितला. परीक्षकांनी तिला दुसरा प्रश्न त्या प्रकरणावर विचारलाच नाही. आभारात मात्र माझ्यासाठी एक ओळ नव्हती, अख्खं पान होतं. त्यात रफीकभाईंचंही नाव होतं. ते मी त्यांना वाचून दाखवलं, मोबाइलवर त्या पेशीचा फोटोही दाखवला. रफीकभाईंनी मोबाइल दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांसमोर फिरवला. "पाहा, हे आपल्या बोकडाचं हाय! आता सांगा, आपला माल कसा हाय थो!"

ती सुरी मी पुन्हा परजली नाही. खाच घासून काढायची तर खूप पोलाद गेलं असतं, आणि तोवर फेकायची पाती आलीच होती. निवृत्तीच्या दिवशी विभागानं ती सुरी लाकडी पेटीत घालून मला दिली. शाल-नारळ नेहमीचेच होते, पण पेटी उघडल्यावर मी आधी अंगठ्यानं ती खाच चाचपली.

वैष्णवी आता अमरावतीला शिकवते. मध्ये तिनं फोन केला होता. जुन्या कॉलेजात परीक्षक म्हणून गेली होती, तर पहिल्या वर्षाच्या मुलांना लहान मेंदू शिकवताना अजून तीच काच आधी दाखवतात म्हणाली. सरांच्या अक्षरातली चिठ्ठी तशीच आहे, 'आडवी रेघ सुरीची. उभ्या रेघा पेशीच्या. फरक सुभद्राबाईंनी दाखवला.'

नोकरीत मी किती काचा केल्या, याचा हिशोब नाही. बहुतेक बिनडागी होत्या, आणि त्या केव्हाच फुटल्या, हरवल्या, धुऊन पुन्हा वापरल्या गेल्या. कुलपात ठेवलेली एकच आहे. तिच्यावर ओरखडा आहे, आणि तो माझा आहे.